प्रश्न बहिणींचे : ओळ ऐकली, आता अध्याय वाचू या

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. अडचण सांगून झाली की पुढे एक वचन येतं, बहुधा दुसऱ्या कुणीतरी ऐकवलेलं, आणि मग प्रश्न : माझा विश्वास कमी पडतोय का? वचन खरंच असतं. पण वचनाच्या कॅलेंडरवर जागा एका ओळीपुरतीच असते, आणि ऐकवणारे बरेचदा तेवढंच वाचलेले असतात. म्हणून खालची उत्तरं बायबल शेजारी उघडं ठेवून वाचावीत. पत्रलेखिकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

नोकरी, दोन डबे, सासूबाईंचं पथ्य, झोपायला साडेअकरा. पहाटे साडेचारला उठून प्रार्थनेला बसते, पण वाचतानाच डोळे मिटतात. दर जानेवारीत पूर्ण बायबल वाचायला घेते, फेब्रुवारीत सुटतं. मंडळीत मार्था-मरीयेवर संदेश झाला की तो माझ्यावरच आहे असं वाटतं. — मिरज

रात्री साडेअकराला पाठ टेकणाऱ्या बाईनं साडेचारला उठू नये. स्तोत्र १२७ चं दुसरं वचन पाहा : पहाटे लवकर उठून, रात्री उशिरा निजून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे, आणि झोप ही देवाची देणगी म्हणून मोजली आहे. तेव्हा पहाटेचा हट्ट सोडा. मुलं शाळेत गेल्यावरची, किंवा ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीतली बारा मिनिटं पुरतात. दोन मिनिटं गप्प बसणं, सहा मिनिटं वाचन, चार मिनिटं प्रार्थना. वाचन पुटपुटत का होईना, पण आवाज काढून करा. नुसत्या डोळ्यांनी वाचताना झोप लागते, ओठ हलत असले की सहसा लागत नाही.

वार्षिक योजना फेब्रुवारीत का तुटते, याचं कारण आळस नाही. बायबलचे ११८९ अध्याय वर्षात बसवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात, आणि उत्पत्तीपासून सुरुवात केली की साधारण महिनाभरात निवासमंडपाची (तंबूतल्या उपासनास्थानाची) मापं आणि मग लेवीयचे नियम समोर येतात. थकलेल्या माणसाला तिथून एकट्यानं पुढे जाणं अवघड जातं. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिन्यात होतं. मग स्तोत्रं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, खूण ठेवली आहे तिथून पुढे चला. दुप्पट वाचायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी वही बंद होते. आणि शक्यतो छापील बायबल घ्या. मोबाइलवर वचन शोधायला गेलं की आधी कुटुंबाचा ग्रुप उघडतो.

मार्थेबद्दल : लूक १० मध्ये बहीण मरीया प्रभूचं बोलणं ऐकत बसते आणि मार्था कामात गुंतते. पण प्रभू तिला स्वयंपाकावरून बोलत नाही. ‘पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग’ यावरून बोलतो. पुढे योहान ११:२७ मध्ये ‘तू ख्रिस्त आहेस’ ही कबुली देणारी हीच मार्था आहे. योहान १२:२ मध्ये ती पुन्हा वाढते आहे आणि या वेळी तिला कुणी काही म्हणत नाही. पुढच्या वेळी संदेश तिच्यावर झाला तर पाळकांना हे दोन संदर्भ अवश्य सांगा. आणि दोन डब्यांपैकी एक घरातल्या दुसऱ्या कुणाला भरता येईल का, हेही एकदा विचारा. ही मदत मागण्यात कमीपणा नाही.

पती जाऊन दीड वर्ष झालं. शिलाईचे आणि मुलाच्या कामाचे मिळून महिन्याला १४,००० येतात. तीन फायनान्स कंपन्यांचे हप्ते मिळून ८,९०० आणि शिवाय एका माणसाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजानं घेतलेले ३०,०००. मंडळीतल्या एकांनी सांगितलं, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देणं थांबवलंस म्हणून घरात बरकत नाही, मलाखी ३ वाच. — जालना

मलाखी ३ जरूर वाचा, पण दशांशाच्या दहाव्या वचनापासून नको, पाचव्यापासून वाचा. मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवेला व अनाथाला गांजणाऱ्यांवर देव तिथे आरोप ठेवतो. मग ‘अनुवाद’ या पुस्तकातलं १४:२८-२९ काढा : दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातल्या लेव्याला (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला), उपऱ्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर जेवता यावं म्हणून ठेवायचा होता. म्हणजे त्या व्यवस्थेत तुमची जागा घेणाऱ्यांच्या रांगेत होती. विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्यांची (छोट्या नाण्यांची) गोष्ट (मार्क १२:४१-४४) कुणी ऐकवली तर तिच्या आधीचं चाळिसावं वचनही वाचून दाखवा. तिथे प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो. मनापासून काही द्यावंसं वाटलं तर दहा रुपयेही द्या. २ करिंथ ८:१२ प्रमाणे, नाही त्यावर नव्हे, आहे त्यावर दान मोजलं जातं. कर्ज काढून दशांश देऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

आता कर्ज. २ राजे ४:१-७ मधली बाई संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातल्या एकाची विधवा होती. नवरा देवाचं भय बाळगणारा होता, असं ती स्वतः सांगते. तरी सावकार दोन्ही मुलं न्यायला आला. तेव्हा कर्ज झालं म्हणजे विश्वास नव्हता, हा हिशेब मुळातच चुकीचा. संदेष्टा अलीशा तिला पहिला प्रश्न विचारतो, घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागायला लावतो. मग दार लावून घ्यायला सांगतो. शेवटी म्हणतो, तेल विकून देणं फेड आणि उरेल त्यावर निर्वाह कर. तुमच्या कामाचा क्रमही असाच लावता येईल.

आधी एका कागदावर लिहा : कुणाचं, किती उरलं, हप्ता किती, कोणत्या वारी, व्याज काय. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. तीस हजारांवर महिन्याला दीड हजार नुसतं व्याज जातं आणि मुद्दल तिथंच राहतं. कंपन्यांचा दर याच्या निम्म्याहून कमी असतो. म्हणून हप्ते चालू ठेवून हाती येणारा प्रत्येक जादा रुपया आधी त्या माणसाच्या मुद्दलात घाला आणि दर वेळी वहीत त्याची सही घ्या. तो परवान्याशिवाय सावकारी करत असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार तो गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

मग कंपन्यांची कर्ज-कार्डं काढून बसा. कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते का ते बघा. असा विमा पुष्कळदा पती-पत्नी दोघांचाही असतो. तुमच्या पतीचं नाव त्यात असेल तर ते कर्ज विम्यातून फिटायला हवं होतं. मृत्यूचा दाखला जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की ‘साहेब नाहीत’ हेच उत्तर मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा छोट्या, बिनतारण कर्जांच्या घरात सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमचे सात हजारांच्या वर गेले आहेत. त्यामुळे मुदत वाढवून हप्ता कमी करा, अशी मागणी लेखी करायला तुमच्याकडे आधार आहे. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर संपर्क करायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. आधी कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीचा क्रमांक १४४४८.

जुना हप्ता भरायला कर्जाच्या नवीन गटात नाव घालू नका. तिसरं कर्ज असंच झालं असणार, हा आमचा अंदाज. आणि दार लावून घेणं विसरू नका. किती देणं आहे हे साक्षीच्या वेळी सगळ्या मंडळीपुढे मांडायची गरज नाही. हिशेब कळणारी एक विश्वासू बहीण सोबत घेतली की झालं.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ पाच आठवड्यांचं. ती सतत रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही. परवा म्हणाली, माझ्याविना बाळाचं जास्त बरं होईल. प्रार्थनेच्या बायका म्हणतात उपास धरा, तेल लावा, डॉक्टरकडे गेलात तर तो अविश्वास. — श्रीरामपूर

आई, हे वाचत असाल त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या. ‘माझ्याविना बरं होईल’ हे वाक्य ऐकल्यावर वाट बघायची नसते. तोपर्यंत तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं आणि फवारणीची विषारी बाटली कुलपात घाला. टेलिमानस १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं खूप जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की तो आजार समजायचा. डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी सांगतील, कारण दोन्ही बिघडले तरी असंच दिसतं. औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद केलं जातं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, फक्त पाजत असल्याचं सांगायला विसरू नका. तिला आवाज ऐकू येऊ लागले, भलतेच संशय येऊ लागले, रात्र रात्र डोळा लागेना, तर ती तातडीची वेळ. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. नेमक्या याच अवस्थेला घरोघरी बाधा म्हणतात आणि मौल्यवान दिवस घालवतात.

उपास तर मुळीच नको. पाजणाऱ्या बाईला इतर वेळेपेक्षा जास्त खायला लागतं. १ राजे १९ काढा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो (कलस्सै ४:१४). तेव्हा दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात बसत नाही.

प्रार्थनेच्या बहिणींना काम द्या. दहा जणी गोल बसून अर्धा तास मोठ्यानं प्रार्थना करतात, त्यानं ती आणखी दबते. एका वेळी दोघी, पाच मिनिटं, हळू आवाजात. बाकीच्यांनी डबा आणावा, बाळाचे लंगोट धुवावेत, रात्रीचं एक जागरण वाटून घ्यावं. तिला स्वतःला प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र ८८ वाचून दाखवा. ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. ‘हन्नासारखी प्रार्थना कर’ असं प्रत्येक जण सांगतो. — वसई

मुलासाठी मंदिरात प्रार्थना करणाऱ्या हन्नाला टोचून बोलणारी सवत होती आणि तिची प्रार्थना बघून ती प्यालेली आहे असं समजणारा याजकही होता. तेव्हा लोकांच्या बोलण्याला ती अनोळखी नव्हती. १ शमुवेल १:१८ जरा थांबून वाचा : ती जाऊन जेवली आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. हे मूल होण्याच्या आधीचं आहे. आणि तपासणी दोघांची करा. प्रयत्नांना वर्ष झालं की डॉक्टरकडे जायचं, पस्तिशीच्या पुढे असाल तर सहा महिन्यांतच. सुरुवात पतीच्या वीर्यतपासणीनं करावी. ती स्वस्त, बिनत्रासाची असते. नेमकी तीच शेवटी होते आणि बायकोच्या पोटावर मात्र तोवर दुर्बीण फिरून झालेली असते.

पती हात उगारतात. पाळकांना सांगितलं तर म्हणाले, ‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’, प्रार्थनेनं तो बदलेल. दर वेळी ते रडून माफी मागतात. क्षमा करायची तर परत राहायलाच हवं ना? — सोलापूर

इफिस ५ मधलं ते बाविसावं वचन आहे. एकविसावं दोघांनाही सांगतं : एकमेकांच्या अधीन असा. पत्नींना तीन वचनं आहेत. पंचविसाव्यापासून पुढचा जवळजवळ सगळा भाग पतीसाठी आहे आणि त्यात स्वतःच्या देहाप्रमाणे पत्नीचं पालनपोषण करायला सांगितलं आहे. कलस्सै ३:१९ म्हणतं, तिच्याशी निष्ठुरतेनं वागू नका. १ पेत्र ३:७ तर आणखी पुढे जातं : जो पत्नीला मान देत नाही त्याच्या प्रार्थनेतच अडथळा येतो. हे पाळकांना भेटून वाचून दाखवा, जमल्यास मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घेऊन.

क्षमा आणि परत जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. १ शमुवेल २४ मध्ये दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल मोठ्यानं रडतो, ‘तू माझ्याहून नीतिमान आहेस’ म्हणतो. दावीदानं त्याचा जीव घेतला नाही, पुढे हानी न करण्याची शपथही दिली. पण अध्यायाचं शेवटचं वचन पाहा : शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. सव्विसाव्या अध्यायात शौल पुन्हा चूक कबूल करून ‘परत ये’ म्हणतो. दावीद जात नाही. आपल्यावर आधी भाला फेकणारा हात कुणाचा हे त्याला ठाऊक होतं.

जीव धोक्यात असेल तर ११२. सल्ला, निवारा यासाठी महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. मारहाणीला मनाई, त्याच घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं न्यायदंडाधिकारी एकाच अर्जावर देऊ शकतात. वकील मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००.

मार लागला की सरकारी दवाखान्यात जा आणि कारण खरं सांगा. ‘पडले’ असं लिहिलं गेलं की पुढे तोच कागद विरोधात येतो. गळा आवळला असेल तर वरून खूण नसली तरी तपासून घ्या, सूज आतून येते. आधार कार्ड, चर्चमधला विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत घालून बाहेर विश्वासू माणसाकडे ठेवा. विवाहाचा दाखला सापडत नसेल तर जिथे लग्न झालं त्या चर्चच्या नोंदवहीतून नक्कल मिळते. निघणार असल्याचं आधी बोलून दाखवू नका. धोका सर्वांत जास्त त्याच दिवसांत असतो.

मंडळीसाठीही एक शब्द : अशा घरातल्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवून ‘समेट’ लावू नका. ती तिथे खरं बोलू शकत नाही आणि बोलली तर रात्री त्याची किंमत मोजते.

वडील सात महिन्यांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. साडेचार एकर जमीन, आई, दोन भाऊ, मी. भाऊ म्हणतात मुलीला लग्नात दिलं, आता हक्कसोड दे, आणि ‘विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये’ असं पौल सांगतो. — राहुरी

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर एक तृतीयांश पत्नीला, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या घरात आईला दीड एकर, तुम्हा तिघांना एक-एक एकर. लग्नात दिलेल्याची वजावट नाही. आईचा वाटाही इथे लक्षात घ्या. भावांच्या हिशेबात तो बहुधा धरलेलाच नाही. (गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे, तिथल्या वाचकांनी हे गणित लावू नये.)

‘गणना’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक आणि सर्व सरदारांसमोर उभ्या राहून हिस्सा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण प्रत्यक्ष जमीन मिळते ती यहोशवा १७ मध्ये, आणि तिथेही त्यांना जाऊन आठवण करून द्यावी लागते.

१ करिंथ ६ पूर्ण वाचा. पाचव्या वचनात पौल विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? आठव्यात म्हणतो, तुम्हीच अन्याय करता आणि तोही बंधूंवर. तेव्हा भावांना त्याच अध्यायाप्रमाणे सांगा : पाळक आणि दोन वडील मंडळी यांच्यासमोर बसू, तारीख ठरवू, महिन्याभरात निकाल. नाही झालं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत दावा दाखल होण्यापूर्वीही मध्यस्थी होते.

दरम्यान तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा आणि फेरफाराची नक्कल काढा. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती भावांनी तुमचं नाव वगळून दिली असण्याची शक्यता आहे. फेरफार अजून मंजूर नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा, उशिराचं कारण अर्जातच लिहा. कोऱ्या कागदावर, ‘फक्त नोंदीसाठी’ म्हणून आणलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका, आईलाही करू देऊ नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. बँकेच्या खात्यावर एका भावाचं नाव वारसदार (नॉमिनी) म्हणून लावलं असेल तर तो पैसे घेणारा आहे, मालक नव्हे. त्या रकमेचेही वाटे वरच्याच हिशेबानं पडतात.